कोणता कागद आधी, कोणता नंतर: ऑस्ट्रेलियाच्या १९० व्हिसाची वाट पाहताना

ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड नॉमिनेटेड व्हिसा, म्हणजे सबक्लास १९०, आम्हाला ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाला. हा कायम राहण्याचा व्हिसा वय, इंग्रजी, अनुभव यांच्या गुणांवर ठरतो आणि त्यासाठी तिथल्या एखाद्या राज्याचं नॉमिनेशन, म्हणजे नामांकन लागतं. मी मुख्य अर्जदार, सोबत नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. पहिला कागद हातात घेतला तो जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ यात गेला. परीक्षा कशी द्यायची, गुण कसे मोजायचे यावर हवी तेवढी माहिती मिळते. कागदपत्रांबद्दल मात्र ‘सगळं तयार ठेवा’ एवढंच ऐकायला मिळतं. तयार म्हणजे नेमकं काय, आणि कधी, हे आम्हाला हळूहळू उमगत गेलं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. शुल्क आणि नियम आमच्या वेळचे आहेत. दर १ जुलैला शुल्क बदलतं, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर आजचा आकडा बघूनच पुढे जा.

आधी थोडक्यात क्रम सांगते. माझा व्यवसाय सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून कौशल्य तपासणी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडे, म्हणजे एसीएसकडे. त्यांचं पत्र मार्च २०२२ मध्ये आलं. पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७९ च्या वर गुण मिळाले, त्याचे २० पॉइंट. मे २०२२ मध्ये स्किलसिलेक्ट या त्यांच्या सरकारी पोर्टलवर ईओआय, म्हणजे इच्छुक असल्याची नोंद भरली. इथून पुढे जे सुरू होतं ते खरं वाट बघणं. ईओआय दोन वर्षं जिवंत राहतो, पण व्हिसाचा अर्ज करायचं निमंत्रण कधी येईल, येईल का, हे कुणीच सांगू शकत नाही. दरम्यान गुणही जागचे हलत राहतात. माझ्या अनुभवाची आठ वर्षं जुलै २०२२ मध्ये भरली आणि ५ गुण आपोआप वाढले. २०२३ मध्ये वयाची ३३ वर्षं पूर्ण झाली आणि तेवढेच गुण गेले. ते भरून काढायला नाटी या तिथल्या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची सीसीएल ही दुभाषेपणाची परीक्षा मराठीतून दिली. दोन संवाद, प्रत्येकी ४५ गुण, एकूण ९० पैकी ६३ लागतात आणि प्रत्येक संवादात किमान २९. आपल्या भाषेचे ५ गुण मिळतात हे पुष्कळांना माहीतच नसतं.

एक गोष्ट एसीएसचं पत्र हातात आल्यावर नीट वाचा. पदवी व्यवसायाशी जुळणारी असली तरी त्यांनी माझ्या अनुभवातली पहिली दोन वर्षं वजा केली होती. पत्रात ‘अमुक महिन्यानंतरचा अनुभव कुशल धरला जाईल’ असं वाक्य असतं. ईओआयमध्ये नोकरीचे त्या तारखेला दोन भाग करायचे, आधीचा भाग ‘संबंधित नाही’ असा दाखवायचा आणि पुढचा ‘संबंधित’ असा. इथे जास्त गुण मागितले गेले, तर पैसे भरून झाल्यावर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक कागदाला वय असतं. काही कागद कधीच शिळे होत नाहीत: पदवी, गुणपत्रिका, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, जुन्या नोकरीची पत्रं, भाषांतरं. काही कागदांचं घड्याळ सुरू झालं की थांबत नाही: पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी साधारण बारा महिने, एसीएसचं पत्र दोन वर्षं, पीटीई तीन वर्षं. निमंत्रणाचा पत्ता नसतानाच्या काळात आम्ही फक्त पहिल्या प्रकारचे कागद गोळा केले. उत्साहाच्या भरात आधीच पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, काढून ठेवणारे लोक भेटले. निमंत्रण लांबलं की तोच खटाटोप त्यांना पुन्हा करावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नोकरीच्या पुराव्यांनी. एसीएसला लेटरहेडवर पत्र लागतं आणि त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या देशात काम केलं आणि प्रत्यक्ष कामाचं स्वरूप हे सगळं लागतं. आपल्याकडच्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर देतात. त्यात तारखा असतात, हुद्दा असतो, कामाचं स्वरूप नसतं. माझ्या सध्याच्या कंपनीने विनंतीवरून तसं पत्र दिलं. आधीच्या एका कंपनीच्या एचआरने ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असं स्वच्छ कळवलं. अशा वेळी दुसरा मार्ग आहे: त्या काळच्या वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने प्रतिज्ञापत्र करून द्यायचं. माझ्या तेव्हाच्या टीम लीडने १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ते करून दिलं, नोटरी केलं, सोबत स्वतःचं त्या कंपनीतलं पत्र आणि आमच्या टीमचा तक्ता जोडला. माणूस आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नोकरीत. तरी रजा टाकून नोटरीकडे गेला. जुन्या सहकाऱ्यांशी संबंध नीट असले तर हे काम होतं, त्यामुळे एचआरच्या मागे लागण्याआधीच अशा दोन-तीन माणसांशी बोलून ठेवा.

माझी पहिली कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर एक नाव, पीएफच्या पासबुकात दुसरं. परदेशात बसून फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला या दोन कंपन्या वेगवेगळ्या वाटणार. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची नोंद, कंपनीने तेव्हा कर्मचाऱ्यांना पाठवलेलं विलीनीकरणाचं पत्र आणि दोन्ही नावं जिथे एकत्र दिसतात अशी एक पगारपावती, असे तीन कागद एका पीडीएफमध्ये जोडले आणि वर चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं.

गृहखात्याला त्यापुढे पगार मिळाल्याचा पुरावा हवा असतो. आमचा संच असा होता: प्रत्येक वर्षाच्या काही पगारपावत्या, फॉर्म १६, फॉर्म २६एएस, ईपीएफचं पासबुक आणि बँकेचं स्टेटमेंट, ज्यात पगार जमा झाल्याच्या ओळी पिवळ्या केलेल्या. यातला २६एएस मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फॉर्म १६ कंपनी देते, पण २६एएस आयकर खात्याच्या नोंदीतून येतो आणि कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात कर कापला हे त्यात दिसतं. कंपनी बंद पडली, एचआर उत्तर देत नाही, तरी तो मिळतो. नोकरी सोडणार असाल तर फॉर्म १६ आणि पगारपावत्या कंपनीच्या मेलमधून आधी स्वतःकडे घ्या. मेल बंद झाल्यावर त्या मागून मिळवणं फार जिकिरीचं असतं. आणि या बहुतेक पीडीएफना पासवर्ड असतो. असे कागद अपलोड करू नयेत, समोरच्याला उघडत नाहीत. उघडून ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की पासवर्ड निघतो.

दुसरा डोंगर नावाचा. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माझ्या दहावीच्या कागदावर माहेरचं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पदवीवर तोच क्रम, पण वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. गुणपत्रिकेवर शेवटी आईचं नाव, जे न जाणणाऱ्याला आडनाव वाटेल. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, म्हणजे मधलं नावही बदललेलं. पॅनवर पुन्हा माहेरचं. मी एका संध्याकाळी सगळे कागद पलंगावर पसरून कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे याचा तक्ता केला. मग ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र केलं, त्यात प्रत्येक रूप अक्षरशः जसं छापलंय तसं लिहिलं, आणि लग्नाचा दाखला व नावबदलाचं राजपत्र त्याला जोडलं. व्हिसाच्या अर्जात ‘इतर नावं’ असा रकाना असतो. तिथेही हीच सगळी रूपं भरली, अगदी एका अक्षराचा फरक असलेलं सुद्धा. काहीजण म्हणतात की किरकोळ फरक लिहून उगाच शंका कशाला निर्माण करायची. मला ते पटत नाही. फरक कागदावर दिसतोच आहे, तो आपण आधी सांगितलेला बरा.

नवऱ्याचा जन्म खेड्यातला आणि जन्माची नोंदच झालेली नव्हती. ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला घेतला आणि शाळा सोडल्याचा दाखला मुख्य पुरावा म्हणून लावला. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, वर्तणूक चांगली, खाली मुख्याध्यापकांचा गोल शिक्का अर्धा उमटलेला. या सगळ्याचं भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या मजकुरासकट. ऑस्ट्रेलियाबाहेरचा भाषांतरकार मान्यताप्राप्त असलाच पाहिजे अशी अट नाही, पण प्रत्येक भाषांतरावर त्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर, शिक्षण आणि त्या भाषेतला अनुभव लिहिलेला असावा लागतो. आमच्या भाषांतरकाराने फक्त सही-शिक्का मारून दिला होता, ही माहिती मागाहून घालून घेतली. मूळ मराठी कागद आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, आधी मूळ, असं ठेवलं.

जोडीदाराच्या इंग्रजीचा कागद लहानसा दिसतो, पण पैशाच्या दृष्टीने फार मोठा आहे. १८ वर्षांवरील जोडीदाराला कामापुरतं इंग्रजी येतं हे दाखवता आलं नाही, तर व्हिसा मंजूर होण्याआधी शुल्काचा दुसरा हप्ता भरावा लागतो आणि तो काही हजार डॉलरचा असतो. नवऱ्याने परीक्षा दिली नव्हती. त्याचं बी.कॉम. इंग्रजी माध्यमातून झालं होतं, म्हणून कॉलेजकडून तसं पत्र घेतलं. कार्यालयातल्या लिपिकबाई म्हणाल्या, “बोनाफाइड देते की, त्यात माध्यम कुठे लिहितात?” मग आम्हीच मजकूर टाइप करून नेला: अभ्यासक्रमाचं नाव, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, पूर्णवेळ, शिकवणं आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत. प्राचार्यांनी लेटरहेडवर घेऊन सही केली. कुठल्याही कार्यालयात जाताना मजकूर तयार नेला की काम हलतं, हा आमचा पुढेही अनुभव राहिला.

फॉर्म ८० बद्दल वेगळं लिहायलाच हवं. चारित्र्याच्या तपासणीसाठीचा हा लांबलचक फॉर्म निमंत्रणानंतर घाईत भरण्यासारखा नाही. त्यात मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, मध्ये एकही महिना रिकामा न सोडता, नोकरी आणि नोकरी नसलेला काळ, शिक्षण, परदेश प्रवास, आईवडील आणि भावंडांची माहिती असं सगळं येतं. भाड्याच्या घरांच्या तारखा आम्ही जुने भाडेकरार आणि गॅसच्या नोंदी बघून जुळवल्या. परदेशच्या कामाच्या फेऱ्यांच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून, भिंग घेऊन. जिथे शिक्का पुसट, तिथे मेलमधली विमानाची तिकिटं शोधली. कुठल्या देशात एकूण बारा महिने भरत असतील तर तिथला पोलीस दाखलाही लागतो, म्हणून ही बेरीज आधीच करून ठेवणं फायद्याचं.

आईवडिलांच्या जन्मतारखांपाशी थोडा वेळ गेला. माझ्या बाबांची कागदोपत्री तारीख १ जून. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची तीच आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. आईला विचारलं तर म्हणाली, “आमची आई सांगायची, चैत्रात झालीस, पाडव्यानंतर.” आधारवर तिसरंच काहीतरी. शेवटी दोघांच्याही पासपोर्टवर जे आहे तेच लिहिलं, कारण पुढे कधी ते आमच्याकडे यायचे झाले तर त्यांच्या व्हिसाच्या अर्जात तीच तारीख येणार. पण त्या दिवशी आई बराच वेळ फोनवर तिच्या लहानपणाबद्दल बोलत राहिली, आणि आपण खरंच लांब जायला निघालोय हे मला पहिल्यांदा जाणवलं. हा फॉर्म भरताना असं होतं. एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

सप्टेंबर २०२३ मध्ये व्हिक्टोरिया राज्याकडे नॉमिनेशनसाठी नोंदणी केली. तोपर्यंत माझी काळजी वाढलेली होती, कारण एसीएसच्या पत्राची मुदत मार्च २०२४ ला संपत होती आणि निमंत्रणाच्या दिवशी ते वैध असणं बंधनकारक. नोव्हेंबरमध्ये निवड झाल्याचा मेल आला, डिसेंबरमध्ये नॉमिनेशन मंजूर झालं आणि सोबतच स्किलसिलेक्टचं निमंत्रण. मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेचार-साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडचे मेल आपल्याकडे पहाटे येतात. त्या वर्षात पहाटे उठून आधी फोन बघायची सवय आम्हा दोघांनाही लागली होती. झोप मोडणारी सवय आहे ती, पण आवरता येत नाही.

निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात. आम्ही जानेवारी २०२४ मध्ये अर्ज केला. शुल्क तेव्हा मुख्य अर्जदाराचं ४,६४० ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराचं २,३२० आणि मुलीचं १,१६०, एकूण ८,१२०. वर कार्डाचा अधिभार. रुपयांत साडेचार लाखांच्या आसपास गेले आणि ते एकरकमीच भरावे लागतात. कार्डाची मर्यादा वाढवणं, परदेशी व्यवहार सुरू करणं आणि बँकेला आधी कळवणं ही कामं आदल्या आठवड्यात उरकली होती.

अपलोड करताना प्रत्येक अर्जदाराला ६० फायलींची मर्यादा आहे आणि प्रत्येक फाइल ५ एमबीपर्यंत. म्हणून एका कंपनीच्या पगारपावत्या एका फायलीत, वर्षाच्या क्रमाने. सगळं रंगीत स्कॅन. काळं-पांढरं केलं तर फाइल लहान होते खरी, पण शिक्के आणि सह्या मूळच्या आहेत हे कळत नाही. फाइलच्या नावात व्यक्ती, कागद आणि वर्ष एवढं लिहिलं. तपासणाऱ्याला फाइल न उघडताही आत काय आहे ते कळावं.

आता मुदतीच्या कागदांची पाळी. पीसीसीसाठी पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर अर्ज, शुल्क ५०० रुपये प्रत्येकी, मग सेवा केंद्रात हजेरी. माझ्या पासपोर्टवर जुना पत्ता होता, त्यामुळे पोलीस पडताळणी झाली. पोलीस ठाण्यात जाताना भाडेकरार, वीजबिल, आधार आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर सोबत ठेवा. मार्चमध्ये दोघांचे दाखले हातात आले. १६ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाहीत.

वैद्यकीय तपासणीसाठी इमिअकाउंटमधून, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन खात्यातून, एचएपी हा तपासणीचा क्रमांक निघतो आणि तपासणी त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच होते. आम्ही मुंबईला गेलो. मोठ्यांचा छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि सर्वसाधारण तपासणी, मुलीची क्षयरोगासाठी रक्ताची चाचणी. रिपोर्ट आपल्या हातात देत नाहीत, दवाखाना थेट पाठवतो. काही दिवसांनी खात्यावर ‘आणखी काही करण्याची गरज नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली आणि जीव भांड्यात पडला.

मुलीचा पासपोर्ट हा या काळातला सगळ्यात घाईचा विषय ठरला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तिचा २०२४ मध्ये संपत होता. नवा काढला आणि इमिअकाउंटमध्ये नव्या पासपोर्टची माहिती लगेच भरली, कारण व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो, चिकटवायचा स्टिकर नसतो. एप्रिलमध्ये नवऱ्याने नोकरी बदलली, तेही परिस्थितीतला बदल म्हणून कळवलं.

जूनमध्ये अधिकाऱ्याचा मेल आला, जादा माहिती हवी म्हणून. ज्या कंपनीचं पत्र नव्हतं, प्रतिज्ञापत्र होतं, तिथल्याच पगाराचे आणखी पुरावे मागितले होते. उत्तराला २८ दिवस असतात. त्या काळातलं सगळं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक आधीपासून तयार होतं, त्यामुळे त्याच आठवड्यात उत्तर गेलं. असा मेल आला की छातीत धस्स होतं, पण तो नकार नसतो. जे मागितलंय तेवढंच, नीट क्रम लावून द्यायचं. सोबत एक छोटं पत्र जोडून कोणत्या फायलीत काय आहे ते सांगायचं.

ऑगस्टमध्ये पहाटे ग्रँटचा, म्हणजे व्हिसा मंजूर झाल्याचा मेल आला. तिघांची तीन पत्रं. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन् अक्षर तपासला आणि व्हिवो या व्हिसा तपासण्याच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करून तिथेही तेच दिसतंय याची खात्री केली. पहिल्या प्रवेशाची शेवटची तारीख मार्च २०२५ ची होती, म्हणजे आमच्या पीसीसीला जेव्हा वर्ष होणार होतं तेव्हाची. पीसीसी आणि मेडिकल अर्जानंतर करण्याचं हे दुसरं कारण. ते जितके आधी, तितका निघायला वेळ कमी.

निघण्याआधी उरलेला शेवटचा कागद मुलीच्या लसींचा. तिथे लसीकरणाची राष्ट्रीय नोंदवही असते आणि शाळेत नाव घालताना त्यातला उतारा मागतात. तिचं पुस्तिकेतलं लसींचं पान शाईने भरलेलं, काही लसींची फक्त ब्रँडची नावं. बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्येक लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत लेटरहेडवर लिहून घेतली. मूळ पदव्या, दाखले, प्रतिज्ञापत्रं आणि हे पत्र हातातल्या बॅगेत ठेवलं, सामानात नाही. सगळ्याची एक स्कॅन प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक बाबांच्या कपाटात.